अडखळत म्हटलेली आरती

मला पक्षाघात झाला, त्यानंतर कितीतरी दिवस मी देवाशी बोलले नाही. खरं तर बोलता येतच नव्हतं. उजवा हात अधू झाला होता. शब्द मनात असायचे, पण तोंडातून भलतेच निघायचे. पाणी मागायला जावं तर ‘पाटी’ म्हणायची. सुलतान बाजारातल्या एका दुकानासाठी मी वर्षानुवर्षं ब्लाऊज शिवले, ते काम सुटलं. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की दत्ताचं नाव जिभेवर येईना. ज्याला लहानपणापासून हाक मारली, त्यानं हाकच काढून घेतली, असं वाटायचं.

आमचे हे कापडाच्या दुकानात नोकरीला आहेत. माझ्यासाठी ते निम्मा दिवस घरी राहू लागले होते, आणि नोकरी किती दिवस टिकेल ही धास्ती होती. अपंगत्वाची पेन्शन मिळाली तर दुपारी एखादी बाई ठेवता येईल, म्हणून ते मला सरकारी तपासणीला घेऊन गेले. तिथं डॉक्टरांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला मी नुसती मान हलवली. चारचौघांत वेडंवाकडं बोलायची लाज वाटली. उत्तरं यांनीच दिली, तीही फक्त हाताबद्दल. दाखल्यावर टक्के कमी भरले आणि अर्ज नामंजूर झाला. पुढं कुणाकडं जायचं, आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

त्या गुरुवारी हे म्हणाले, “चल, मंदिरात जाऊन येऊ.” मी नको म्हणून मान हलवली. “काही म्हणू नकोस गं. नुसती बस.”

आरती सुरू झाली. टाळांच्या आवाजात आपलं कोण ऐकणार, म्हणून मीही म्हणू लागले. शब्द कुठल्या कुठं जात होते, तरी किती दिवसांनी घसा मोकळा होत होता. टाळ थांबले ते मला कळलंच नाही. सगळ्यांच्या पाठीमागून माझा एकटीचा तुटका आवाज येत राहिला. लोक वळून बघू लागले. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

मी भिंतीशी जाऊन बसले, तेव्हा एक तेलुगू बाई जवळ आल्या. सासूबाईंना दर्शनाला घेऊन त्या पहिल्यांदाच तिथं आल्या होत्या. “अम्मा, ये बोलने की तकलीफ कबसे है?” त्यांनी हळूच विचारलं. यांनी सगळी हकिकत सांगितली आणि देवापुढं ठेवायला आणलेला दाखला पिशवीतून काढून दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. “इसमें बोलने का तो कुछ लिखेच नहीं. डॉक्टर को बताए क्या?”

“नहीं, सिर्फ हाथ का बताया,” हे म्हणाले.

त्या बाई वकील होत्या, हिमायतनगरला त्यांचं ऑफिस होतं आणि अशाच दाव्यांची कामं त्या करायच्या. वाचा जाणं हेही अपंगत्वात धरतात, दोन्ही मिळून टक्के ठरतात, हे त्यांच्याकडून आम्हाला पहिल्यांदा कळलं. त्यांनी माझ्या वाचेची तपासणी करवली, फेरतपासणीचा अर्ज लिहून दिला. एक खेप कागद अपुरा म्हणून वाया गेली. महिने गेले. मी घरी नाव-पत्ता घोकत होते, ते ऐकून त्या म्हणाल्या, “अच्छा दिखाने की कोशिश नक्को करो अम्मा. जैसा आता वैसाच बोलो.”

फेरतपासणीला डॉक्टरांनी चित्रं दाखवली. फणीला मी ‘पाणी’ म्हटलं. किल्लीला काहीच म्हणता आलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मी थांबले नाही. जे येईल ते बोलत गेले.

दाखला मिळाला, पेन्शन सुरू झाली. दुपारी एक बाई येतात, हे पूर्ण वेळ दुकानात जातात. मी वकीलबाईंना हात जोडले, तर त्या म्हणाल्या, “मैं तो मेरा काम करी.” तसंही असेल. त्यांना तिथं कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. वाचा अजून पुरती आलेली नाही. एवढे चार शब्दही मी डाव्या हातानं कितीतरी दिवस लिहीत होते. एवढंच कळतं, की मी माझं उणेपण माणसांपासून झाकत होते आणि देवापासूनही. फेरतपासणीला डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर बसले असताना मी काहीच सावरून धरलं नाही, आणि तेव्हाच मला कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटलं.