पोराची खाज, मंदाअक्काचं पथ्य

आमच्या मंदाअक्काच्या पोराला खाज सुटली आणि जेवण मंदाअक्काचं बंद झालं. हा न्याय मला तेव्हा पटला नाही, आजही पटत नाही.

अक्का माझी थोरली बहीण. तिला अमळनेरजवळच्या एका खेड्यात दिलेली. पंच्याण्णव साली तिला मुलगा झाला, त्याचं नाव अभिमन. दोन-तीन महिन्यांत त्याचे गाल लाल झाले, फुटले, मग कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत चिघळलं. पोर झोपेतही खाजवायचं. दुपट्यावर रक्ताचे ठिपके दिसायचे.

सासूनं एका दमात निकाल दिला. "तू आंबट खास, म्हणीसन पोऱ्याले खाज शे." पोर अंगावर पीत होतं, म्हणजे दोष दुधाचा, म्हणजे दोष तिच्या जिभेचा. आधी ताक गेलं. मग दही, चिंच, शेंगदाणे, वांगं, तुरीची डाळ. बाळाला बघायला येणारी प्रत्येक बाई अक्काच्या ताटातून एक पदार्थ उचलून न्यायची. उरली भाकरी आणि मिठाचं पाणी घातलेली मुगाची डाळ. आणि आमचे भाईदास दाजी, तिचे यजमान, विषय निघाला की बैलांना पाणी पाजायला उठायचे. बैल दिवसातून किती वेळा पाणी पितात हे मी तिथं शिकलो.

गावातला डॉक्टर तर त्याहून थोर. पोराला सर्दी झाली की लाल औषध, कातडी चिघळली की तेच, जुलाब झाले तरी तेच. जंतू मारायचं औषध ते, बाटलीमागून बाटली पोटात गेली. त्या बाटलीला पथ्य सांगायला गावात कोणाची जीभ उचलली नाही.

आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणासाठी, मी तिला माहेरी न्यायला गेलो. अंगणात बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाट चालला होता. ज्वारी भिजवून आंबवलेली अक्कानं, दळलेली अक्कानं, आणि चुलीवरच्या पातेल्यात ते पीठ हाटत होती तीही अक्काच. भोवती बसलेल्या बायका गरम पीठ वाटीत घेऊन, वर तेल ओतून मिटक्या मारत होत्या. अक्का नुसती आवंढा गिळत होती. मी म्हटलं, "अक्का, तू बी खाय ना थोडं." ती काही बोलायच्या आत सासूचं उत्तर आलं, "आंबेल शे ते."

माझं डोकं फिरलं. पण मुराळ्यानं बहिणीच्या सासरी तोंड उघडायचं नसतं. तोंड मिटून मी तिला घेऊन आलो. माहेरी तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. दूध आटत चाललं होतं. आखाजीच्या दिवशी आईनं आमरसाची वाटी पुढं केली, तर तिनं ती बाजूला सारली आणि रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी मायलेकांना धुळ्याला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी आधी पोराकडे पाहिलं, मग अक्काकडे, आणि मला विचारलं, "यातला पेशंट कोण?"

सगळं ऐकून त्या चिडल्या. मला बरं वाटलं, एवढ्या दिवसांत कोणीतरी चिडलं. त्या म्हणाल्या, "आतड्यात चांगल्या जंतूंची वस्ती असते. हे लाल औषध सारखं दिलं की वाइटाबरोबर तेही मरतात. त्या वस्तीचा आणि कातडीच्या ॲलर्जीचा काही संबंध असावा, असं परदेशात काही लोक शोधतायत. अजून पक्कं काही नाही. ताकानं खाज जाईल असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या ताकानं ती आली, हे सांगितलं कोणी?"

अक्का खाली मान घालून म्हणाली, "बठ्ठासनी." सगळ्यांनीच.

बाईंनी लाल औषध बंद केलं, मलम दिलं, आंघोळीनंतर अंगाला काय चोळायचं ते दाखवलं, आणि अक्काला पोटभर जेवायला सांगितलं. पोर हळूहळू सुधारलं. चालायला लागेपर्यंत गाल स्वच्छ झाले. मलमानं झाले, वयानं झाले की कशानं, देव जाणे. सासूला मात्र पक्कं ठाऊक होतं, कारण तिच्या घरी अक्काचं पथ्य चालूच होतं. ती गावभर सांगत सुटली, "मी पथ्य कराले लावं, म्हणीसन पोऱ्या बरा व्हयना." हे कानावर आलं त्या दिवशी मी जेवलो नाही, इतका संताप आला.

चार वर्षांनी आखाजीलाच मी पुन्हा तिथं होतो. ओट्यावर दाजींसोबत बसलो होतो, दार उघडं होतं. आत बायका जेवायला बसल्या होत्या. अक्काच्या धाकट्या जावेला, सुनंदाला, मुलगी झाली होती आणि तिचेही गाल लाल झाले होते. सासूनं सुनंदाच्या ताटातली ताकाची वाटी उचलायला हात घातला.

अक्कानं तो हात धरला.

"वाटी तठेच ऱ्हाऊ द्या, आत्याबाई. अभिमन अंगावर पेत व्हता, तवय धुयाथून, डॉक्टरीणबाईकडथून उनी त्या दिनपासून मी रोज ताक पेत व्हती. गोठामा, लपीसन."

दाजी ओट्यावरून उठले, पण या वेळी बैलांकडे गेले नाहीत, दारात येऊन उभे राहिले. सासूनं विचारलं, "आन पोरले काही व्हयनं तं?"

"तं पोरले दवाखानामा लई जाऊ," अक्का म्हणाली. "सुनंदाले उपाशी ठेवानं नही."