आण्णांच्या सुतळीच्या गाठी

मी नोकरीसाठी घर सोडलं त्या दिवशी आमच्या पेठेचा आठवडे बाजार होता. एसटीला वेळ होता म्हणून बॅग दुकानाच्या ओट्यावर ठेवली आणि आण्णांना, म्हणजे वडिलांना, म्हटलं, "हिलाही सुतळी बांधा की." ते दोराची भेंडोळी लावत होते. वर न बघताच म्हणाले, "घरच्या वस्तूला गाठ मारत न्हाईत." तेव्हा मला हसू आलं होतं.

तुम्हा पेठेतल्या मंडळींना ही सुतळी सांगायला नको, पण माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांच्या पोरांसाठी लिहिते. आमचं दोरखंडाचं दुकान. बाजाराला खोऱ्यातल्या सहा गावांची माणसं यायची, आल्याआल्या गाठोडी आमच्या ओट्यावर टाकायची आणि मोकळ्या हातांनी हिंडायची. आण्णा प्रत्येक गाठोड्याला सुतळीचा तुकडा बांधत. जवळच्या गावाला एक गाठ, पुढच्याला दोन, असं करत खोऱ्याच्या टोकाला सहा. चार गाठींच्या गावाची एसटी लागली की चार गाठींची गाठोडी ओट्याच्या कडेला पुढं काढून ठेवायचे. चिठ्ठी नाही, पावती नाही. कधी कुणाचं फडकं इकडचं तिकडं झालं नाही.

आता मी पुण्याजवळ मारुंजीत अकराव्या मजल्यावर राहते, हिंजवडीत नोकरी करते. इथं ओटीपी सांगितल्याशिवाय पार्सलला कुणी हात लावू देत नाही. शेजारणीकडं किल्ली ठेवायची तरी मी दोनदा विचार करते. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो म्हणा ना. टेस्टिंगमध्ये आहे मी, दुसऱ्याचं चाललेलं काम कुठं फसेल ते शोधते.

म्हणून आण्णांनी पेठेच्या सुशोभीकरणाच्या योजनेचं चित्र व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि संमतीच्या कागदावर दुकानदारांच्या सह्या घेताहेत असं कळवलं, तेव्हा कॅबमध्ये बसल्याबसल्या मी ते मोठं करकरून पाहिलं. फरसबंदी रस्ता, जुन्या पद्धतीचे दिवे, सगळ्या दुकानांना सारख्या पाट्या, टोप्या घातलेले पर्यटक. आमचा ओटाही होता, घासूनपुसून लख्ख, वर दोन कुंड्या. गाठोडं मात्र एकही नव्हतं. माझ्या मनात पाल चुकचुकली. लगेच फोन लावला.

"आण्णा, सही करू नका. गाठोड्यांचं काय ते आधी लिहून घ्या."

"समद्यांनी केल्यात. मी एकटा आडवा पडू व्हय?"

"अहो, उद्या ओट्यावर काही ठेवू देणार नाहीत."

"तू लई वाचतीस," म्हणाले आणि फोन ठेवला.

मला राग आला, त्यांचाही आणि त्या गोड बोलणाऱ्या योजनावाल्यांचाही. आमची माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. चहा पाजतात आणि सही करतात. पाहुण्यांसाठी पेठ सजवायची आणि ज्याच्यावर पेठ जगली त्या खोऱ्यालाच टेकायला जागा ठेवायची नाही, असा हा डाव आहे, हे मी ऑफिसात ज्याला त्याला सांगत सुटले.

पेठेचं काम पुरं झाल्यावर बाजाराच्या दिवशी मुद्दाम रजा टाकून गेले. रस्ता चांगला झालाय, खोटं कशाला बोलू. चिखल नाही, म्हाताऱ्यांना ठेच लागत नाही. आणि आमच्या ओट्यावर पाटी: 'वारसा ओटा. सामान ठेवू नये.' म्हटलं, बघा, झालंच ना. पाटीखाली टोकाच्या गावच्या हौसाबाई गाठोडं कमरेवर घेऊन उभ्या होत्या, परक्याच्या दारात उभं राहावं तशा.

"ठेवू का न्हाई, आण्णा?"

आण्णा बाहेर आले. सहा गाठींची सुतळी गाठोड्याला बांधली आणि ते ओट्यावर ठेवलं. पेठेवर नेमलेला गार्ड लगेच आला. आण्णा शांतपणे म्हणाले, "दुकानाचा माल मांडायची परवानगी हाय न्हवं कागदात? सुतळी ज्याला, त्यो माझा माल." गार्डनं सुतळीकडं पाहिलं, आण्णांकडं पाहिलं आणि निघून गेला. ज्या कागदावर सही करू नका म्हणून मी ओरडत होते, त्यावर त्यांनी नीट वाचूनच सही केली होती. मला लाज वाटली. पण हे आणखी किती बाजार चालू देतील, हा संशय काही गेला नाही.

मग मी माझी लॅपटॉपची बॅग हौसाबाईंच्या गाठोड्याशेजारी टेकवली. गार्ड परत वळला. आण्णांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं, सुतळी तोडली आणि गाठी मारायला लागले. मी मनात मोजत होते. सहाला थांबतील असं वाटलं, पण त्यांनी सातवी मारली.

"सातवं गाव कुठलं, आण्णा?"

"मारुंजी."

गार्ड गेला. घरच्या वस्तूला गाठ मारत नाहीत हे आम्हा दोघांनाही आठवत होतं. मी उगाच बाजारात भाजी बघायला गेले आणि काहीही न घेता फिरत राहिले, कारण डोळे भरून येत होते. घर म्हणजे माझ्यापुरतं आता एवढंच उरलंय: न्यायला येईपर्यंत आपलं सामान कुणीतरी सांभाळतं ती जागा. इथं अकराव्या मजल्यावर बसून बघितलं तर तेही कमी नाही.

संध्याकाळी पुण्याकडची गाडी लागली. मी धावत ओट्यापाशी आले, तर माझी बॅग आधीच कडेला पुढं काढून ठेवलेली होती.