कोंबडेसाहेबांचं माहेर

कोंबडेसाहेब भर दुपारी दार लावून बसत. आमच्या गावात दिवसा दार लागलं की दोनच अर्थ निघत: घरात कोणी आजारी आहे, किंवा नवरा-बायकोचं वाजलं आहे. साहेब धडधाकट आणि बिनलग्नाचे. त्यामुळे कडी लागली रे लागली की कोणीतरी जाऊन ती वाजवायचंच. "साहेब, बरं हाये ना जी?" साहेब दार उघडून हसत म्हणायचे, "काही हरकत नाही. या, बसा." आणि विचारणारा खरंच बसायचा, चांगला दिवेलागणीपर्यंत.

त्रेसष्ट-चौसष्टचा सुमार असेल. मारेगावाहून बैलगाडीनं यावं लागे अशा गावात माझे मालक शाळामास्तर होते. साहेब अमेरिकेतून स्वयंसेवक म्हणून आले होते, गावाला विलायती कोंबड्या पाळायला शिकवायला. वय जेमतेम बावीस-तेवीस. खरं नाव गावाच्या जिभेला पेलेना, म्हणून कोंबडेसाहेब. पुढे पुढे लोकांना ते त्यांचं आडनावच वाटू लागलं. आमच्या अंगणापलीकडची खोली त्यांना दिली होती. मराठी ते पुस्तकातून शिकले होते. "मी आता स्नान करू इच्छितो," असं म्हणाले की पाणी भरणाऱ्या बाया तोंडाला पदर लावायच्या.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. पाहुण्याला एकटं सोडायचं नाही, हा त्यांचा कायदा. "परमुलखात एकट्या जीवाले झोप कशी लागंन?" असं म्हणून त्यांनी आमच्या चुलत सासऱ्यांना रात्री साहेबांच्या खोलीत निजायला धाडलं. ते असे घोरत की छपरावरची कवेलू हलावीत. सकाळी साहेब लाल डोळे चोळत म्हणाले, "काही हरकत नाही."

मीही तेव्हा नवीनच होते, अमरावतीहून लग्न होऊन आलेली. नळ आणि विजेचा दिवा आठवून रडू यायचं. एकदा चहा देताना मी सहज विचारलं, "साहेब, घरचं काय आठवतं हो?" आधी काही नाही म्हणाले, मग सुटलेच. भट्टीतून काढलेला पाव, थंडगार दूध, पाठ टेकायला मऊ खुर्ची, आणि गळ्यापर्यंत गरम पाण्यात पडून राहणं. पावाची सोय मालकांनी केली. वणीला गेले की तिथल्या बेकरीवाल्या चाचांकडून आणत. गावात पोचेपर्यंत तो दगड व्हायचा, पण साहेब चहात बुडवून मिटक्या मारत खायचे. पाण्याची सोय मात्र त्यांनी स्वतःच केली. चैतातल्या एका दुपारी ते विहिरीवरच्या गुरांच्या हौदात जाऊन पडले. पाणी उन्हानं तापलेलं, साहेबांनी सुखानं डोळे मिटलेले, आणि भोवती म्हशी ताटकळलेल्या. आत्याबाई धावत गेल्या. "अवो साहेब, निंघा ना जी बाहीर! म्हशी तहानल्या ना!"

पावसाळा सरता सरता कोंबड्यांत मानमोडीची साथ आली. टोपल्या भरभरून पांढऱ्या कोंबड्या पुराव्या लागल्या. साहेबांचं बोलणं बंद झालं, जेवण तुटलं. गावाला मनापासून वाईट वाटलं आणि गावाला जे कळत होतं ते गावानं केलं. रोज दहा-पंधरा माणसं साहेबांच्या खोलीत जाऊन बसू लागली. एका संध्याकाळी तर भजनी मंडळच टाळ-मृदंग घेऊन आलं.

दुसऱ्या दिवशी साहेब कुठे दिसेनात. शोधलं तर रिकाम्या खुराड्यात, गुडघ्यांत डोकं घालून बसलेले.

"वहिनी, मी परत जातो. पेटी भरली."

"असं अर्ध्यावर टाकून? काय हवं ते तरी सांगा."

साहेब डोकं वर करून म्हणाले, "माझ्या घरी माझी खोली आहे. मी दार लावतो. कोणी येत नाही. माझी आईसुद्धा नाही. मला ते हवं आहे."

मी भीत भीतच आत्याबाईंना सांगितलं. एवढं केलं आणि हे फळ, असं त्यांना वाटायचं! त्या तूर निवडत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "म्हंजे सासुरवाशिनीची गत झाली म्हना त्याची. मी या घरात आली तवा मलेबी असंच वाटे. घर मानसायनं भरलेलं, अन् रडाले कोपरा नाई. माहेरी गेली का निस्ती पडून राहो. मायनं कधी उठोलं नाई." मग सूप बाजूला सारून उठल्याच. "त्याचं माहेर समुंदराच्या पल्याड. तं आता हेच त्याचं माहेर."

त्यांनी हंडाभर पाणी तापवलं, साहेबांना न्हायला लावलं, ऊन ऊन खिचडी वाढली. मग त्यांना खोलीत घालून स्वतःच्या हातानं दार ओढलं आणि पायरीवर वाती वळत बसल्या. आला-गेला विचारी, त्याला एकच उत्तर: "लेक माहेरी आली हाये. निजू द्या." एवढं गावाला पुरलं. माहेरी आलेल्या लेकीला उठवायचं पाप कोण करील? भजनीबुवा पायरीवरूनच परतले. मी आतून भांडी आपटत म्हटलं, "आत्याबाई, मीपण कोणाची तरी लेकच हाये ना जी?" पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला अमरावतीच्या गाडीत बसवून दिलं.

साहेब चौथ्या दिवशी बाहेर आले, लोण्याशी दोन भाकरी खाल्ल्या आणि खुराडी पांढरी करायला चुना मागितला. पेटीचं नाव काढलं नाही. ठरलेली मुदत पुरी होईपर्यंत राहिले, निघाले तेव्हा गावातल्या बहुतेक अंगणांत पांढऱ्या कोंबड्या होत्या आणि साहेब पुस्तकातलं "का?" सोडून "काहून?" आणि "कायले?" बोलू लागले होते. आम्हा सगळ्यांचं ते फार लाडकं माणूस झालं होतं.

मारेगावच्या एसटीवर आत्याबाई स्वतः आल्या. साहेब वाकून पाया पडले, तसा त्यांनी साहेबांच्या तोंडावरून हात फिरवला. गाडी धुरळ्यात दिसेनाशी झाली, तरी उभ्याच, डोळ्यांना पदर लावून. म्हातारी एका गोऱ्यासाठी रडतेय, याचं पानठेल्यावरच्या माणसाला नवल वाटलं. "काहो बाई, कोन लागते तो तुमचा?"

आत्याबाई त्याच्याकडे न पाहता म्हणाल्या, "लेक हाये माही. लय लांब देली."