मॉलीच्या बाकावरची जाळी

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. आमच्या पूनम सागर वसाहतीतल्या ट्रस्टच्या दवाखान्यात डॉक्टर होत्या उर्मिलाबाई, पण राज्य चालायचं मॉलीचं. नर्स म्हणा, कंपाउंडर म्हणा, फौजदार म्हणा, सगळं तीच. ज्यांना परवडतं त्यांच्या फीमधून ज्यांना परवडत नाही त्यांचं औषधपाणी व्हायचं. कोण कुठल्यातला, हे फक्त मॉलीला ठाऊक. रांग मात्र सगळ्यांना एकच. मी गिरगावातून इथे राहायला आलेला, कंपनीच्या मेडिक्लेमवाला. तरी ताटकळत बसायचो. एकदा कुरकुरलो तर म्हणाली, "अंकल, बीपी तपासायला आलाय की वाढवायला?" तेव्हापासून तोंड मिटून पेपर वाचायला लागलो.

मॉली उत्तनजवळच्या पाली या मच्छीमार गावची. तिच्या भरवशावर गावातली माणसं गाड्या बदलून एवढ्या लांब यायची. फुकट औषध घेणं मात्र त्यांच्या जिवावर यायचं, म्हणून हातात काहीतरी असायचंच. म्हातारा मॅन्युएल दर बुधवारी पायाचं ड्रेसिंग करून घ्यायला यायचा, तो सुक्या बोंबलांची पुडी घेऊन. डायबिटीसमुळे त्याच्या तळपायाची जखम भरत नव्हती.

दवाखान्याची जागा हंसाबेनची. त्या बरोबर वरच्या मजल्यावर राहायच्या आणि ट्रस्टकडून भाडं घेत नसत. एका बुधवारी त्या नाकाला पदर लावून खाली आल्या.

"मॉली, मी रूम दिला, नाक नाय दिला. परत हा वास आला तर टाळा लावीन."

मॉलीने नाइलाजाने मॅन्युएलला सांगितलं की यापुढे हात हलवत यायचं. म्हातारा ताडकन उठला. "मंग मना मलम पन नको. मी भिकारी न्हाय."

पुढच्या बुधवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. उर्मिलाबाई म्हणाल्या, असंच चाललं तर पाय कापावा लागेल. त्या दिवशी मॉली सारखी चुकीचे नंबर पुकारत होती. मला तिची काळजी वाटली, हे मी आता कबूल करतो.

शेवटी ती मला सोबतीला घेऊन हंसाबेनकडे गेली. त्या गॅलरीत काठी घेऊन उभ्या होत्या. वाळत घातलेल्या पापडांवर कबुतरांनी उच्छाद मांडला होता.

"खाली तुझा बोंबील, वर हे कबूतर. माणसाने जायचा किधर?"

मॉलीने दोन्ही हात पसरून गॅलरी या टोकापासून त्या टोकापर्यंत मापली, आणि संध्याकाळी थेट मॅन्युएलचं दार गाठलं.

बुधवारी मॅन्युएल हजर. हातात पुडी नव्हती. नायलॉनचा दोरा आणि जाळं विणायची लाकडी सुई होती. बाकावर बसून त्याने एक पाय मॉलीच्या हवाली केला आणि गाठी मारायला सुरुवात केली. जाळं वाढत गेलं तशी दर बुधवारी रांगेतल्या पेशंटांनी टोकं धरली. मीही पेपर ठेवून एक टोक पकडलं. हंसाबेन "जरा माप बघते" म्हणत खाली यायच्या. पुढेपुढे चहाही यायला लागला.

"भोक मोठे नाय ना, मॅन्युएलभाई?"

"पापलेट न्हाय धरायचा, बाय. कबूतर अडवायचा हाय."

हंसाबेनच्या गॅलरीला जाळी बांधायला मॉली स्वतः स्टुलावर चढली. मॅन्युएल खुर्चीत बसून हुकूम सोडत होता.

त्यानंतर एका बुधवारी पट्टी सुटली ती परत बांधावी लागली नाही. मॅन्युएलने पाय जमिनीला टेकवला, उभा राहिला आणि कितीतरी महिन्यांनी दोन्ही पायांत चपला घातल्या. हंसाबेन दारातच होत्या.

"पुढच्या बुधवारी या हां. बाजूच्या शैलाबेनला पण जाळी पायजे."

"येतो ना," मॅन्युएल म्हणाला आणि चालत बाहेर पडला.

मॉली सुटलेली पट्टी हातात धरून तिथेच बसली होती. बाहीने डोळे पुसत होती. पुढचा नंबर माझा होता आणि ती पुकारायला विसरली होती. मी पेपर उघडून वाचत असल्याचं सोंग घेतलं.