आधी लावलेली चिठ्ठी

संध्याकाळच्या वर्गावर शिकवणाऱ्या बाईंच्या लक्षात ती पहिल्यांदा आली ती तिच्या तळहातामुळे. पहिल्याच दिवशी तिने वही उघडली, कोऱ्या पानावर तळहात ठेवला आणि दाबून वरून खाली फिरवला. पान आधीच सपाट होतं, तरी तिचं समाधान होईना. एक कोपरा दुमडला होता, तो तिने अंगठ्याने सरळ केला आणि मगच पेनाचं टोपण काढलं. बाईंनी ओळखलं, ही कपड्यांच्या धंद्यातली.

खरंच होती. कोपऱ्यावरची लॉन्ड्री तिची, म्हणजे तिची, तिच्या नवऱ्याची आणि गल्ल्यावर बसणाऱ्या सासऱ्यांची. तिला सगळे वहिनी म्हणत. तिच्या वडिलांच्या वयाची माणसंही वहिनीच म्हणत. चाळिशी उलटलेली, डाव्या मनगटावर वाफेने भाजल्याचा जुना डाग, बोलणं घडाघडा. लग्नाच्या वेळी सुटलेली शाळा तिने आता पुन्हा धरली होती. गेल्या वर्षी दहावीला बसली आणि दोन विषय सोडून बाकीच्यांत पास झाली. त्यातलं गणित राहिलं याचं कुणालाच काही वाटलं नाही. पण दुसरा विषय होता भाषा.

"अगं, दिवसभर तुझ्या तोंडाला कुलूप नसतं," नवरा म्हणाला, "आणि तू भाषेत नापास?"

"बोलण्यात नाही हो, व्याकरणात."

"मग तू बोलतेस ते काय असतं?"

गणित राहिलं तर राहो, पण आपल्याच भाषेत नापास हे तिच्या जिव्हारी लागलं. यंदा काहीही होवो, भाषेचा पेपर सोडवायचाच असं तिने ठरवलं आणि बाईंच्या वर्गात येऊन बसली.

तिचं घोडं अडत होतं ते धातुसाधितांपाशी. तो शब्दच तिला खूप खळ घातलेल्या कॉलरसारखा वाटायचा, मान वळू न देणारा. बाईंनी एक दिवस पुस्तक मिटलं.

"वहिनी, आज दुकानात काय केलंत?"

"कपडे धुतले."

"मग आता ते कपडे कसे आहेत?"

"कसे म्हणजे? धुतलेले."

"झालं की मग! हेच ते."

वर्ग हसला, वहिनीही हसली. बाई फळ्याकडे वळल्या. "'सदरा धुतला' म्हटलं की तुम्ही काय केलंत ते कळतं. 'धुतलेला सदरा' म्हटलं की सदरा कसा आहे ते कळतं. काम होऊन गेलं, पण त्याची खूण सदऱ्यावर राहिली. म्हणून हे विशेषण. सदरा आला तर धुतलेला, चादर आली तर धुतलेली, पांघरूण आलं तर धुतलेलं."

"आणि फाटलेला? त्यावरून आमची रोज भांडणं होतात. गिऱ्हाईक म्हणतं, तुम्हीच फाडलात."

"तुम्ही 'फाटलेला' असंच म्हणा. म्हणजे तो आपला आपण फाटला. 'फाडलेला' म्हणालात की फाडणारा शोधावा लागतो."

वहिनीला एवढा आनंद झाला, की घरी जाताना वाटेत दिसेल त्याला ती विशेषणं लावत गेली. वाकलेला खांब. झोपलेलं कुत्रं. उघडी राहिलेली खिडकी. दुसऱ्या दिवसापासून तिने कागदाच्या चिठ्ठ्या केल्या आणि त्या घरादाराला चिकटवायला सुरुवात केली. चहाच्या पातेल्यावर 'उकळलेला', नवऱ्याच्या चपलेवर 'झिजलेली', सासऱ्यांच्या खुर्चीवर 'मोडलेली'.

"सूनबाई," सासरे म्हणाले, "खुर्चीपर्यंत ठीक आहे. मला नको हो लावूस एखादी. 'पिकलेला' वगैरे."

"तुम्हाला 'जपलेले' लावीन, बाबा."

"जपलेले!" आतून, इस्त्रीच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या नवऱ्याचा आवाज आला. "आणि आमचं काय, पिळलेले?"

दुकानात मात्र या चिठ्ठ्यांचा उपयोग झाला. कुठलं गाठोडं धुवायचं, कुठलं इस्त्रीला गेलंय, कुठलं तयार आहे, हे सासऱ्यांना विचारावं लागेना. ते चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणत, चिठ्ठी मोठ्याने वाचत आणि गाठोडं गिऱ्हाइकाच्या हातात देत. वाचून काम करायचा त्यांना जरा अभिमानच वाटायला लागला होता.

परीक्षा जवळ आली तशी वहिनीची ओढाताण सुरू झाली. एका सकाळी तिने विचार केला, आजच्या आणि उद्याच्या सगळ्या गाठोड्यांच्या चिठ्ठ्या एकदमच लिहून टाकू, तेवढीच उजळणी. लिहिल्या आणि टाचून दिल्या. त्यात गावातल्या बँडच्या पांढऱ्या कोटांचं एक गाठोडं होतं. ते दुसऱ्या दिवशी धुवायचं होतं, परवा द्यायचं होतं. पण चिठ्ठी त्याच सकाळी लागली, सुंदर वळणदार अक्षरात: 'धुतलेले व इस्त्री केलेले कोट'.

संध्याकाळी ती वर्गात गेली, नवरा एका हॉटेलच्या चादरी पोचवायला गेला, आणि नेमके तेव्हाच बँडमास्तर दुकानात आले. गावातल्या हॉलमध्ये बँडचा फोटो काढायचं अचानक त्याच दिवशी ठरलं होतं.

"आजोबा, आमचे कोट झालेत का हो?"

सासऱ्यांनी चष्मा खाली आणला. चिठ्ठी वाचली. एकदा मनात, एकदा मोठ्याने. "झालेत म्हणजे काय! धुतलेले आणि इस्त्री केलेले," असं म्हणत त्यांनी ते गाठोडं दोन्ही हातांनी उचलून दिलं.

वर्गात वहिनीचा फोन वाजला तेव्हा ती फळ्यापाशी उभी राहून वाक्य लिहीत होती. पलीकडून नवरा ओरडत होता, तो पुढच्या बाकापर्यंत ऐकू येत होता.

"अगं, हॉलवरून मास्तरांचा फोन आला. धुतलेले कोट कुठे धुतलेत?"

तिच्या हातातला खडू खाली पडला. बाई काही विचारायच्या आत ती दाराबाहेर होती.

हॉलच्या मागच्या खोलीत बँडमास्तर एक कोट दोन बोटांत धरून उभे होते. "वहिनी, वास घ्या. घ्या ना! मागच्या कार्यक्रमाचा घाम आहे हा. आणि हे ट्रंपेटवाल्याच्या छातीवर काय सांडलंय? फोटोवाला तासाभरात येतोय. तुमच्या सासऱ्यांना दिसत नसेल तर गल्ल्यावर बसवता कशाला?"

एवढं ऐकल्यावर गप्प राहून काम उरकता आलं असतं. सासऱ्यांच्या डोळ्यांवर ढकलून मोकळं होता आलं असतं. मागून नवरा इस्त्र्या आणि घोंगडी घेऊन धापा टाकत आला.

"बाबांचं काही चुकलं नाही," वहिनी म्हणाली. "त्यांनी चिठ्ठी वाचली, ती बरोबर वाचली. ती मी लिहिलेली आणि कोट धुवायच्या आधीच लावलेली. चूक माझी आहे. आता बाजूला व्हा, मास्तर, मला पाणी आणि टेबल द्या."

अख्खा कोट धुवून वाळणं शक्य नव्हतं. पण फोटोत कोटाची पाठ कुठे येते? तिने साबणाचा ब्रश फक्त कॉलरवर, बाह्यांच्या कडांवर आणि पुढच्या पट्टीवर चालवला, ओल्या फडक्याने फेस टिपला. नवऱ्याने लगेच गरम इस्त्री फिरवून तेवढा भाग कोरडा केला. ट्रंपेटवाल्याच्या डागापुढे ब्रशने हात टेकले. तेव्हा तिने त्यालाच मागच्या रांगेत, ढोलाच्या आड उभं करायला सांगितलं.

इस्त्री फिरवता फिरवता नवरा खाली बघून म्हणाला, "पुरे झाला आता तो वर्ग. बँड आपल्याकडे बाबांच्या काळापासून आहे. उद्या गेला म्हणजे?"

ती कॉलर घासत राहिली. डोळे भरून आले होते, पण हात ओले असल्यामुळे पुसता येईनात. परीक्षा तोंडावर आलेली, आणि नवरा म्हणतोय त्यात चूक काय, तेही तिला सांगता येत नव्हतं.

फोटो वेळेवर निघाला. घरी गेल्यावर जेवताना सासऱ्यांनीच सुरुवात केली. "वर्ग बंद करायचा म्हणे?"

"बाबा, तुम्हाला चार लोकांत बोल लागला," नवरा म्हणाला.

"मला लागला, मग मी बघतो ना. इतकी वर्षं गल्ल्यावर बसलो, पण काय तयार आहे ते दर वेळी तुला हाका मारून विचारायचो. आता वाचून देतो. हिने वर्ग सोडला तर मी पुन्हा हाका मारायला लागेन. तुला चालेल?"

नवऱ्याला ते चालण्यासारखं नव्हतं. वहिनी हळूच म्हणाली, "चिठ्ठी लिहीन मी. पण लावायची त्याने, ज्याने ते काम केलं. आणि काम झाल्यावर. बाईंनी सांगितलंच होतं, काम होऊन गेलं की मगच ते रूप. मीच घाई केली."

नवरा "बघू" म्हणाला. त्याच्या 'बघू'चा अर्थ सहसा 'नाही' असायचा, म्हणून ती रात्रभर तळमळली.

सकाळी तो गच्चीवरून चादरी घेऊन खाली आला आणि चिठ्ठ्यांचा डबा चाळत उभा राहिला.

"यात फक्त 'वाळलेल्या' आहे."

"मग? वाळल्यात ना?"

"आपोआप वाळल्या? चार वेळा उलट्या केल्या मी, एकदा पाऊस येईलसं वाटलं म्हणून आत घेतल्या, पुन्हा बाहेर नेल्या. माझं काही आहे की नाही त्यात?"

वहिनीने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग तिने नवी चिठ्ठी घेतली, 'वाळवलेल्या चादरी' असं लिहिलं आणि त्याच्या हातात दिली. त्याने ती नीट वाचली, स्वतःच टाचली आणि म्हणाला, "संध्याकाळी वर्ग किती वाजता असतो? त्याआधी मला चहा हवा."

भाषेचा पेपर तिला बरा गेला. उदाहरणं विचारली होती, तिथे तिने डाग पडलेला टेबलक्लॉथ, रंग गेलेली साडी, गिऱ्हाइकाने विसरलेला रुमाल अशी सगळी दुकानातली लिहिली. तपासणाऱ्याला काय वाटलं असेल ते असो, ती पास झाली. निकालाच्या दिवशी सासऱ्यांनी तिच्या इस्त्रीच्या टेबलावर चिठ्ठी लावून ठेवली होती, वाकड्यातिकड्या अक्षरात: 'पास झालेली'. निकाल हातात आल्यावरच लावली, हे त्यांनी सगळ्यांना दोनदा सांगितलं.

आता तिचं गणित राहिलं आहे. मंगळवारी आणि गुरुवारी ती त्या वर्गाला जाते, आणि तेवढा वेळ इस्त्रीवर नवरा आणि गल्ल्यावर सासरे असतात.