चहाला थांबणारी मंडळी

हुबळीत नवनगरच्या पुढे, धारवाड रस्त्याला आमचं लहानसं चर्च आहे. तिथं मी पेटी वाजवतो. रविवारची उपासना संपली की बाहेर अंगणात चहा असतो. उपदेश काय झाला, हे घरी पोचेपर्यंत निम्मे लोक विसरतात. मीसुद्धा! पण चहाच्या वेळी कोण काय बोललं, ते कुणी विसरत नाही. असे किस्से वर्षानुवर्षं साचत गेलेत. एकदा पाळकांना विचारलं, "हे बाहेर सांगितलेलं चालेल का?"

"सांगा की," ते म्हणाले. "माझा उपदेश नाहीतरी कोण सांगतंय?"

*

आमची मंडळी निम्मी मराठी, निम्मी कन्नड. खरं तर सगळ्यांनाच दोन्ही भाषा येतात. तरी पाहुणे मराठीत उपदेश करायला लागले की बेंजामिन अण्णांनी शेजारी उभं राहून वाक्यावाक्याला कन्नडमध्ये सांगायचं, हा जुना रिवाज. अण्णा रेल्वेतून रिटायर झालेले, आवाज खणखणीत.

एकदा मिरजेकडचे पाहुणे आले होते. ते तावातावानं म्हणाले, "लग्नात उधळपट्टी करू नका! एवढ्या पंगती कशाला उठवायच्या? लग्न साधेपणानं करा!"

अण्णा गप्प. येत्या गुरुवारी त्यांच्याच मुलीचं लग्न होतं आणि पत्रिका घरोघर वाटून झाल्या होत्या.

अण्णांना ऐकू आलं नसावं, असं वाटून पाहुण्यांनी वाक्य परत म्हटलं. अण्णांनी घसा साफ केला आणि कन्नडमध्ये जाहीर केलं, "गुरुवार मद्वीगे एल्लारू बर्री!" म्हणजे, गुरुवारी लग्नाला सगळे या!

सगळं चर्च हसलं. पाहुणेही खूश. त्यांना वाटलं, मुद्दा पोचला!

*

हेच अण्णा हुबळी-धारवाड बसमध्ये येशूच्या सुवार्तेची पत्रकं वाटायचे. पाळकांना ते फारसं पसंत नव्हतं. "आधी माणसाची ओळख करून घ्या, मग देवाचं बोला," असं त्यांचं मत. अण्णा म्हणायचे, "ओळख होईपर्यंत त्याचा स्टॉप येतो की हो!"

एकदा रायापूरला एक गृहस्थ चढले आणि अण्णांच्या शेजारी बसले. अण्णांनी पत्रक दिलं. गृहस्थांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळं वाचलं. इतकं मन लावून वाचणारा माणूस अण्णांना आजवर भेटलाच नव्हता.

"काही शंका?" अण्णांनी आशेनं विचारलं.

"छे, छान लिहिलंय," बॅगेची चेन उघडत गृहस्थ म्हणाले. "सार्वकालिक जीवनाचं तुम्ही सांगितलंत. आता त्याच्या अलीकडच्या जीवनाचं मी सांगतो."

गृहस्थ विमा एजंट होते!

हुबळी येईपर्यंत अण्णांची पॉलिसी ठरली. पुढं दोघांची चांगली दोस्ती झाली. तो चर्चला कधी येणार, असं विचारलं की अण्णा म्हणतात, "प्रयत्न चालू आहेत." अण्णा दुसरी पॉलिसी कधी घेणार, असं एजंटला विचारलं, तर तोही तेच म्हणतो.

*

फिलिप धारवाडपलीकडच्या बेलूरला एका कारखान्यात कामाला. नाताळ सोडला तर चर्चमध्ये दिसायचा नाही. पाळकांनी विचारलं की एकच उत्तर. "रविवारी ड्यूटी असते, पाळक. काय करणार?"

आमचे पाळक चिवट. तो येत नाही तर आपण जाऊ, म्हणून एका रविवारी दुपारी ते स्कूटर घेऊन थेट बेलूरला गेले. गेटवर सुपरवायझर भेटला.

"फिलिप? तो आज कसा भेटेल? त्याला रविवारी सुट्टी दिलीय आम्ही. चर्चला जातो ना तो! फार श्रद्धाळू माणूस." मग जरा निरखून बघत त्यानं विचारलं, "तुम्हीच त्याचे पाळक काय? येतो ना नीट?"

पाळकांच्या डोळ्यांसमोर फिलिपची नोकरी उभी राहिली. "येतो," ते म्हणाले, "दर रविवारी येतो."

आणि स्कूटरवरून परत येताना वाटभर त्यांचं मन त्यांना खात राहिलं. ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही. पण सुपरवायझरनं फिलिपला सांगितली.

पुढच्या रविवारी फिलिप बायकोपोरांसकट पहिल्या बाकावर! चहाच्या वेळी आम्ही त्याला घेरलं. तो म्हणाला, "माझ्यापायी पाळकांना खोटं बोलावं लागलं. आता ते खरं करायला नको?"

*

नाताळच्या आधी आम्ही पेटी-ढोलकी घेऊन घरोघर गीतं गातो. एकदा अंधारात घर चुकलं आणि आम्ही नवनगरमधल्या एका मराठी वकिलांच्या दारात उभे राहून गायलो. वकील बाहेर आले, शांतपणे ऐकलं, आणखी एक म्हणायला लावलं, चिवडा दिला. मग आमच्या ढोलकीवाल्या परशुरामकडे बघत म्हणाले, "अरे, तू गणपतीत आमच्या मंडळात वाजवतोस ना? मग तू यांचा की आमचा?"

परशुराम म्हणाला, "नाताळात यांचा, गणपतीत तुमचा. आषाढात कुणीच विचारत नाही!"

*

लक्ष्मीअक्का म्हणजे शेवटच्या बाकावरची म्हातारी. कपाळाला कुंकू, डोक्यावर पदर. घरी देव्हारा आहे, पण चर्चला तिचा खाडा नाही. आमच्यातल्या कितीतरी बाप्तिस्मा घेतलेल्यांपेक्षा जास्त रविवार तिचे भरतील!

एका तरुण प्रचारकाला राहवलं नाही. "अक्का, इतकी वर्षं येताय, मग बाप्तिस्मा का घेत नाही?"

"बाळ," अक्का म्हणाली, "बसायला जागा दिलीय त्यानं. लगेच घर नावावर करून मागायचं काय?"

*

अळणावरच्या बाजूला एका खेड्यात यल्लाप्पा नावाचा मजूर राहतो. त्याची बायको काशव्वा. तिच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून ती अंथरुणाला खिळून. दर गुरुवारी पाळक, मेरीअक्का आणि मी तिच्यासाठी प्रार्थना करायला जातो. मेरीअक्का दवाखान्यात नर्स होती, आता घरीच असते.

एका गुरुवारी पाचसहा पोरं दारात आली. "धर्मांतर चाललंय!" असा ओरडा सुरू झाला. कुणीतरी फोन केला, जीप आली, आणि आम्ही सगळे पोलीस ठाण्याच्या बाकावर. यल्लाप्पालाही आणलं होतं, आणि ती पोरंही मागोमाग आली होती. पाळकांचा चेहरा उतरला होता. केस झाली असती तर जामीन, कोर्ट, सगळंच आलं असतं.

फौजदारांनी यल्लाप्पाला पुढं बोलावलं. "भिऊ नको. ह्यांनी तुला काय काय दिलं?"

यल्लाप्पानं विचार केला. "ही अक्का येऊन बायकोचं डोकं धुते. तेल लावून वेणी घालते."

"आणखी?"

"पाळक म्हशीची धार काढतात. त्यांना नीट येत नाही."

एक पोलीस खाली बघून हसला. फौजदार हसले नाहीत. "धर्म बदल म्हणाले?"

"येशूचं सांगतात की. मी म्हटलं, विचार करतो. अजून करतोय."

फौजदार पाळकांकडे वळले. "इतक्या वर्षांत या गावातली किती माणसं तुमच्यात आली?"

पाळक मान खाली घालून म्हणाले, "एकही नाही."

मग फौजदारांनी त्या पोरांना समज देऊन घरी पाठवलं, आणि आम्हालाही जायला सांगितलं. आम्ही फाटकापर्यंत पोचलो असू, तोच मागून बुटांचा आवाज आला. फौजदार एकटेच येत होते. टोपी हातात.

"अक्का," ते हळू आवाजात म्हणाले, "माझी आई हुबळीत असते. तीही अशीच पडून आहे. बाईमाणूस ठेवलं, तर आई कुणाला हात लावू देत नाही. तुम्हाला बुधवारी जमेल काय?"

मेरीअक्का पदर सावरत म्हणाली, "जमेल की. केस लांब आहेत काय हो त्यांचे?"