तीन जास्तीचे दिवे

माझ्या आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस आम्ही ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची असताना साजरा केला. आणि ही बातमी तिच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या बाबांना, कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, सगळ्या नातेवाइकांच्या देखत, लाउडस्पीकरवरून कळली. लाउडस्पीकरवर मी होतो.

तेव्हा मी हिंजवडीला एका आयटी कंपनीत मॅनेजर होतो. (आयटीतला माणूस घरचं कार्य कार्य म्हणून करत नाही, प्रोजेक्ट म्हणून करतो!) मी हॉल ठरवला, प्रोजेक्टर आणला, अमेरिकेतल्या बहिणीला लॅपटॉपवर बसवलं आणि 'आईचा जीवनप्रवास' अशा स्लाइड्स केल्या. प्रवासात तसं काही नव्हतंच. कसबा पेठेत जन्म, वडील लवकर गेले, मॅट्रिक, लग्न, आम्ही दोघं, मग शिवणाचे क्लास. पाच स्लाइडमध्ये आई संपली, आणि त्यातल्या दोनांत तर मीच होतो.

बाबांची पंचाहत्तरी आदल्याच वर्षी थाटामाटात झाली होती. ते आईपेक्षा एका वर्षानं मोठे. ते एक वर्ष त्यांनी पन्नास वर्षं पुरवून वापरलं! आईनं काहीही म्हणायचा अवकाश, "तुझ्यापेक्षा जास्त पावसाळे पाहिलेत मी!" गॅस सिलिंडर कसा बदलायचा याबद्दलसुद्धा हेच. आई गप्प बसायची आणि सिलिंडर बदलायची.

तर कार्याचा दिवस. आमच्यात जेवढी वर्षं पुरी झाली तेवढ्या दिव्यांनी ओवाळतात. कणकेचे दिवे करायचं काम आईच्या धाकट्या बहिणीकडे, मावशीकडे होतं. (मावशीचं स्वतःचं वय विचारायची कोणाची टाप नव्हती.) मोठ्या परातीत तिनं दिवे मांडले. मी हातात माइक घेऊन, सूत्रसंचालकाच्या ऐटीत, सहज मोजले.

"मावशी, तीन जास्त झालेत."

"असू देत."

"असू देत कसं? पंचाहत्तर पाहिजेत."

"तुला मोजायला कोणी बसवलंय?"

मी तीन दिवे काढून बाजूला ठेवले. पाणी पिऊन आलो तर परत परातीत! मी पुन्हा काढले. तिनं माझ्या हातावर चापट मारली आणि पुन्हा ठेवले. तिकडे गुरुजी घड्याळ बघतायत, आई पैठणी नेसून पाटावर बसलीय, आणि इकडे पन्नाशीचा मॅनेजर कणकेच्या दिव्यांवरून मावशीशी झटापट करतोय. शेवटी तिनं मला दंडाला धरून खांबाआड ओढलं.

"हे बघ, आमच्या मामांनी शपथ घातली म्हणून एवढी वर्षं तोंड शिवून बसले. पण देवासमोर ताईचं आयुष्य तीन दिव्यांनी कमी करायचं पाप मी करणार नाही. ताई अठ्ठ्याहत्तरची आहे."

आता अशा वेळी शहाणा माणूस आधी माइक बंद करतो.

"काय? आई अठ्ठ्याहत्तरची? म्हणजे बाबांपेक्षा मोठी?"

हॉलच्या चारी कोपऱ्यांतले स्पीकर एकदम कडाडले. गुरुजींचा मंत्र अर्ध्यावर थांबला. कोणाच्या तरी हातातला पेढा हातातच राहिला. लॅपटॉपमधून बहीण ओरडली, "दादा, आवाज तुटतोय! कोण मोठी?"

बाबा उभे राहिले. आईचा चेहरा पांढराफटक. तिला मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. अहो, पन्नास वर्षांचा संसार, आणि आज हे गृहस्थ "मला फसवलंत" म्हणून हॉलबाहेर पडले तर? तेही माझ्यामुळे!

"खरंय का हे?" बाबांनी विचारलं.

"खरंय," आई म्हणाली. "वडील गेल्यावर भावंडांची शिक्षणं व्हायची होती. तीन वर्षं मी एका ऑफिसात टायपिंग केलं. मग मामा म्हणाले, घोडनवरीला कोण पत्करणार? त्यांनी तीन वर्षं कापून नवी पत्रिका केली. वर्षं कापली, म्हणून नोकरीही कोणाला सांगायची नाही, नाहीतर वयाचा हिशोब लागायचा."

मी थक्क! आई आणि टायपिंग? आमच्या आईला नोकरी होती? जन्मभर जिच्या हातचं जेवलो, तिनं ऑफिसात जाऊन पगार आणून घर चालवलं होतं, आणि माझ्या स्लाइडमध्ये मात्र मॅट्रिकनंतर थेट लग्न!

बाबांना वेगळाच धक्का बसला होता. "नवी पत्रिका? मग माझ्याशी ते बत्तीस गुण जुळले कोणाचे?"

"ते मामांनाच ठाऊक," आई म्हणाली.

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. बाबांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"पन्नास वर्षांत एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"तुम्ही बोलू कधी दिलंत? सदान्‌कदा 'मी मोठा, मी मोठा'. म्हटलं राहू दे, तेवढंच सुख!"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग सावकाश चालत आईच्या पाटापाशी गेले आणि गुडघ्यांवर हात टेकत खाली वाकले. आई दचकून अशी मागे सरली, की पाटावरून पडतेच की काय!

"अहो! काय हे! लोक बघतायत!"

"बघू देत. आमच्यात वयानं मोठ्या माणसाला नमस्कार करतात." मग हळू आवाजात (पण मी जवळ येऊन उभा होतो आणि हातातला माइक अजून चालूच होता!), "आणि ते टायपिंगचं मला संध्याकाळी नीट सांगा. सगळं सांगा."

बाबा आईला "सांगा" म्हणाले! मावशी डोळ्यांना पदर लावून रडायला लागली आणि रडता रडता तिनं ते तीन दिवेही पेटवले. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. सगळ्यात मोठ्यानं मी हसत होतो, सुटकेनं.

"तू कशाला दात काढतोयस?" आई माझ्याकडे वळली. आता तिचा धीर चेपला होता. "घरात उच्छाद मांडायचास, म्हणून वय एका वर्षानं वाढवून तुला शाळेत ढकललंय. हेडमास्तरांना तारीख यांनीच सांगितली होती."

बाबा एकाएकी छताच्या पंख्याकडे पाहू लागले.

मी गरगरलोच! गेल्याच महिन्यात मी पन्नाशीचा केक कापला होता, गुडघ्यांच्या व्यायामाचा क्लास लावला होता, कंपनीतल्या पोरांना आयुष्यावर भाषण दिलं होतं. आणि मी पन्नाशीचा नव्हतोच! छाती पुढे काढून मी बायकोकडे वळलो.

"ऐकलंस? मी अजून एकोणपन्नासच वर्षांचा आहे!"

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा शांतपणे न्याहाळलं.

"दिसत नाही हो," ती म्हणाली.